ट्रायल

पाथर्डी फाटा, रात्रीचे पावणेतीन.
नळीतून पेज देऊन झाली, अर्धा तास डोकं वर ठेवायचं होतं,
ठेवलं.
आता पलंग खाली येत नाही.

रिमोटवर डोक्याचं चित्र, शेजारी खालचा बाण.
दाबते. हिरवा दिवा नाही, आवाज नाही.
भाऊ पंचेचाळीस अंशांत अडकलेत.
मान डावीकडे घरंगळते, मी उशी लावते,
पुन्हा घरंगळते.

रोशन चुंभळेला फोन लावला. पलंग त्याचा,
महिना साडेचार हजार, डिपॉझिट वेगळं.
दुसऱ्या रिंगला उचलतो. हा माणूस झोपतो कधी?
"ताई, लाइट आहे का घरात?"
आहे. हवेच्या गादीचा पंप त्याच बोर्डावर गुरगुरतोय.
"रिमोटच्या मागं बारकी चावी असते, लॉकची.
नातवानं फिरवली असंल."
आमच्याकडे नातू नाही. लॉक उघडंच आहे.
"मग मोटर तापली. दोन मिनिटं चालवली
की अठरा मिनिटं थांबावं लागतं तिला.
किती वेळा वरखाली केलं?"
एकदाच, रोशन. एकदाच.

भाऊ ऐकतायत.
निवृत्ती आहेर, अंबडच्या कंपनीत एकतीस वर्षं मेंटेनन्सला.
स्क्रूड्रायव्हरचं टोक मोटरवर, मूठ कानाला,
कुठलं बेअरिंग गेलंय ते सांगून मोकळे.
साहेब मागाहून यायचे.
मार्चपासून उजवा हात नाही, शब्द नाहीत.
एक "हां" आहे, तोच सगळ्याला.

डाव्या हाताचं बोट कठड्यावर वाजतं.
टक. टक.
पाणी? नाही. कूस? नाही.
टक टक, आणि नजर खाली,
माझ्या पायांकडे, तशीच चिडून
जशी पाना मागितल्यावर मी पक्कड दिली की असायची.

फरशीवर पालथी झाले. मोबाइलचा उजेड.
पलंगाखाली गोळ्यांचं रिकामं पाकीट, कापसाचा बोळा,
आईची पिन, जी आम्ही बुधवारभर शोधली.
तीन पांढऱ्या मोटरी, गप्प.
आणि काळी वायर
मागच्या चाकाखाली.

मीच सरकवला होता संध्याकाळी,
खिडकीतून पांडवलेणीचा डोंगर दिसावा म्हणून.
ब्रेक लावला, पाय देऊन खात्रीही केली.
डोंगर बघायचाय असं त्यांनी सांगितलं नव्हतं.
कसं सांगणार होते?
मलाच वाटलं.

"ताई, आहात ना?"
आहे. वायर चाकाखाली गेलीये.
"आधी प्लग काढा. मग ब्रेक. वायर ओढू नका,
चाक मागं घ्या."
आईला उठवलं. काही न विचारता तिनं पदर खोचला
आणि कठड्याला खांदा दिला.
चार बोटं सरकला पलंग, भाऊंसकट.

वायर चपटी झालेली, कव्हर शाबूत.
डब्यातली पिन मात्र अर्धी निसटलेली.
अंगठ्यानं रेटली. खट्‌ झालं.
प्लग.
हिरवा.

बाण दाबला. मोटर घुमली,
आणि भाऊ हळूहळू आडवे होत गेले,
मान उशीच्या मधोमध.
मी रिमोट हुकाला अडकवला.

टक.
आता काय?
बोट वर. मग खाली. मग पुन्हा वर.
"ट्रायल घे म्हणतायत," आई म्हणाली.
एकदा चाललं म्हणजे दुरुस्त झालं
हे त्यांनी कधीच मानलं नाही,
शेजाऱ्यांचा टेबलफॅन असला तरी.

मग पहाटे तीन वाजून दहा मिनिटांनी
माझ्या बापाला मी वर नेलं, खाली आणलं.
डोळे मिटलेले, कान जागा.
दुसऱ्या फेरीत वर जाताना
मध्येच पंजा उचलला: थांब.
मलाही ऐकू आलं मग, बारीक, किरकिर.
फोन चालूच होता.
"ग्रीस लागंल ताई," रोशन म्हणाला, "डोक्याकडच्या पिनला."
"हां," भाऊ म्हणाले.
"कोण बोललं?"

खाली आणल्यावर अठरा मिनिटं कुणी बटणाला हात लावला नाही.
आई फरशीवरच बसून राहिली,
वायर पलंगाच्या दांडीला बांधत,
जुन्या परकराच्या नाडीनं,
दोन गाठी, मग आणखी एक.